न्यायाच्या उलट

“वा! ‘दुजाभाव’ला काय फक्कड वाक्य मिळालंय!” संपादकांनी कार्ड मोठ्यानं वाचलं. “‘मी कुणात दुजाभाव करत नाही, पण नवी खुर्ची त्यालाच द्या, त्याची पाठ नाजूक आहे.’”

समोर बसलेल्या बाईंनी पुढचं कार्ड त्यांच्याकडे सरकवलं. विरुद्धार्थी शब्दांचा कोश एकोणीस वर्षांनी संपत आला होता. शेवटची कार्डं ‘न्याय’च्या उलट अर्थाच्या शब्दांची होती, प्रत्येकावर एक शब्द आणि त्याचं उदाहरण म्हणून एक वाक्य. कोशातली बहुतेक कार्डं बाईंच्याच हातची. टेबलावर पुस्तकाच्या पहिल्या पानाचं प्रूफ संपादकांच्या सहीसाठी ठेवलेलं होतं. दुपारी ते छापायला जाणार होतं. त्यावर दोनच नावं होती, संपादकांचं आणि त्यांच्या पुतण्याचं. पुतण्या येऊन आठ महिने झाले होते, आणि त्यातला बराचसा काळ तो चहाला गेलेला असे. प्रूफ काल बाईंनीच तपासलं. शुद्धलेखनाची एकही चूक सापडली नाही.

“आणि हे ‘वशिला’चं ऐका,” संपादक रंगात आले होते. “‘आमच्याकडे वशिला अजिबात चालत नाही. ही एवढी एक जागा भरली की बंद.’ काय निर्लज्ज माणूस आहे हो! कुठे भेटतात तुम्हाला असले नग?”

कोशाचा एक नियम होता आणि संपादकांना त्याचा भारी अभिमान होता. रचलेलं वाक्य घ्यायचं नाही. कुणीतरी खरंच बोललेलं हवं. कोण बोललं, कुठे, कधी, ते कार्डाच्या मागे लिहायचं. नियम त्यांचा असला तरी मागची बाजू बघायचं काम बाईंचं. आज संपादकांना राहवलं नाही. त्यांनी कार्ड उलटं केलं.

मागे बाईंच्या बारीक, सरळ अक्षरात लिहिलं होतं. वक्ता: संपादक. स्थळ: हीच खोली. खाली तारीख होती.

त्यांनी ‘दुजाभाव’ उलटलं. मग ‘पक्षपात’. वक्ता तोच. पंख्याच्या वाऱ्यानं प्रूफ फडफडलं, तेव्हा त्यांनी ते तळव्याखाली दाबून धरलं. कान लाल झाले होते.

मग त्यांना गठ्ठ्यातलं शेवटचं कार्ड दिसलं. ‘अन्याय’. त्याच्या दोन्ही बाजू कोऱ्या होत्या.

“याला वाक्य नाही मिळालं?” त्यांनी हळू आवाजात विचारलं.

“आहे ना, सर. कधीचं ओठांवर आलंय,” बाई शांतपणे म्हणाल्या. “पण नियमाप्रमाणे ते आधी कुणीतरी बोलायला हवं. तुम्ही त्या पानावर सही करा, मग मी बोलते.”