एका फटक्यात

आमच्या घरात गेमवर बोलायचा अधिकार फक्त माझ्या नवऱ्याला आहे. एका जुन्या गेममधला शेवटचा राक्षस त्याने कॉलेजात असताना तीन आठवडे झुंजून मारला होता, आणि हे त्याने लग्न ठरवताना माझ्या वडिलांनाही सांगितलं होतं.

गेल्या आठवड्यात त्या गेमचा रीमेक घरी आला. पहिलं जंगल जेमतेम ओलांडलं आणि साहेबांना ऑफिसच्या कामासाठी चार दिवस बाहेरगावी जावं लागलं. आज परतल्यावर बूटही न काढता तो सोफ्यावर बसला, टीव्हीवर थांबलेला गेम सुरू केला आणि तलवार एकदा फिरवली. राक्षस आडवा. गेम संपला.

मग काय, चाहत्यांच्या ग्रुपवर निबंध पडला. "जंगलानंतरचा अख्खा गेम कापलाय. थेट राक्षसासमोर नेऊन उभं करतात, तेही सगळ्यात भारी तलवार हातात देऊन. आणि लढाई? एक फटका. दूधपित्या पोरांसाठी बनवलाय. सीक्वेलचं तर आता नावही काढू नका." दहा मिनिटांत चारशे लोकांनी माना डोलावल्या.

तेवढ्यात आतल्या खोलीतून सासूबाई फोन ठेवून बाहेर आल्या आणि टीव्हीकडे बघतच राहिल्या.



"माझा राक्षस कुणी मारला रे? चार दिवस खपून तिथवर पोचले, सकाळपासून झोडपून त्याला अर्धमेला केला, आणि मावशीचा फोन घ्यायला जरा उठले तर एवढ्यात हात मारलास?"