सुरक्षेचा नियम

"बर्नरजवळ स्कार्फ चालणार नाही. सुरक्षेचा नियम आहे," सर तहसीनला म्हणाले आणि साऱ्या प्रयोगशाळेदेखत त्यांनी तिच्या जोडीदारणीकडे, मुबीनाकडे, बोट केले. "ही पण तुमच्यातलीच ना? हिचं काही अडतं का?"

तहसीनच्या घरी अम्मीसुद्धा डोके झाकत नसे. स्कार्फ तिचा तिने निवडला होता. त्याची टोके नेहमीप्रमाणे एप्रनच्या आत, पिनेने घट्ट खोचलेली होती. समोरच्या बाकावर मात्र दोन ओढण्या आणि एक लांब वेणी मोकळी लोंबत होती. मुबीनाला ते दिसत होते. उत्तर एका वाक्याचे होते. पण 'तू मुसलमान वाटतच नाहीस' हे मैत्रिणींचे कौतुक तिने दोन वर्षे जपले होते. ती ब्युरेटच्या नळीवरच्या आकड्यांकडे पाहत राहिली.

सोमवारी तहसीनने कला शाखेत प्रवेश बदलून घेतला. "जाते गं," ती दारातून म्हणाली. "आकडा वाचताना डोळा समपातळीत ठेव. तू नेहमी वरून बघतेस."

पुढच्या प्रयोगाला मुबीनाने धीर करून ते वाक्य उच्चारले. सरांनी ओढण्यांकडे पाहिले, वेणीकडे पाहिले.

"खरंच की. नीट खोचलेला स्कार्फ चालेल. त्याच दिवशी का नाही बोललीस?"

शेजारचे स्टूल रिकामे होते. मुबीनाने डोळा समपातळीत आणला. आकडे तरीही दिसेनात.