रेणूची खाज

खाजवायचा पट्टा केतकीने जावेच्या मनगटावरून जवळजवळ ओढूनच घेतला. “आता मी आलेय ना, उज्ज्वला? मीच घालीन.”

बोटीवरची नोकरी करून चार महिन्यांनी ती काल घरी आली होती, आणि तिची चार वर्षांची मुलगी रेणू खाज सुटली की काकूकडेच धावत होती. केतकीचा नुसता जळफळाट.

पट्टा घालून मोठ्यांनी स्वतःचं अंग जिथे खाजवावं, तिथे मुलाला आराम पडायचा. इसब झालेली कातडी नखांपासून वाचायची.

केतकीने पट्टा घालून स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला खाजवलं, मग गुडघ्यामागे. सगळ्या मुलांना इसब तिथेच तर होतो.

“तिथे नाही!” रेणू रडायला लागली.

“मग कुठे गं, सोन्या?”

रेणूने काकूकडे पाहिलं.

“ताई, हिचा जरा वेगळाच आहे,” असं म्हणत उज्ज्वला सवयीने स्वतःच्या कानाच्या पाळीखाली खाजवू लागली.

केतकीचा हात कानाकडे गेला आणि अर्ध्यावरच थांबला. स्वतःच्या मुलीची खाज हिच्याकडून शिकायची?

तेवढ्यात रेणूचं रडणं थांबलं. काकूकडे बघत तिने सुखाने मान सैल सोडली.

पट्टा केतकीच्याच मनगटावर होता.