आजोळचे डोळे

जयमालाला ही नोकरी लागली, की पोपटच्या घरात दुसरा पगार येणार होता, वाशीची एक खोली सोडून दोन खोल्यांत जाता येणार होतं, आणि युनियनच्या सेक्रेटरीला चहा पिता पिता सहज सांगता येणार होतं, की आमची पोरगी लॅबमध्ये असते. पोपट हा शेवटचा फायदा पहिला धरत होता.

ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या रंगाच्या कारखान्यात तो वायरमन होता. लाल आणि हिरवं त्याला सारखंच दिसे. नोकरीला लागताना तेव्हाचे म्हातारे डॉक्टर रंगीत ठिपक्यांत दडलेले आकडे वाचायचं पुस्तक नेहमी पहिल्या पानापासून दाखवायचे. पोपटने रांगेत उभ्या उभ्या पुढच्यांचे आकडे पाठ केले आणि पास झाला. तेव्हापासून तो प्रत्येक वायरला दोनदा टेस्टर लावायचा. कंपनीने सर्वांत सावध कामगार म्हणून त्याला स्टीलचा डबा दिला होता.

पोरीचे डोळेही तसेच. लाल-हिरव्या मिरच्या निवडायला त्याची बायको गोजरा या बापलेकीला बसूच देत नसे. पण पोरीच्या डोळ्यांचं खापर पोपट सासुरवाडीवर फोडायचा. "हे आजोळचं हाय. आमच्यात नाही असलं काही."

सकाळी कारखान्याच्या फाटकापर्यंत त्याने तिच्याकडून घोकून घेतलं होतं. बारा, आठ, सहा...

"नोकरी करायची का मटका लावायचा, बाबा?"

"गप. म्हण पुढचा."

आता डॉक्टरांच्या केबिनबाहेर तो स्टुलावर चढून ट्यूबलाइट दुरुस्त करत होता. ट्यूबलाइटची तक्रार त्याने स्वतःच लिहून दिली होती. आत जयमाला बाकावर बसली होती. तिच्या आधी बंडू नावाचा एक पोरगा पुस्तकासमोर घामाघूम झाला होता. डॉक्टर नवे होते, तरुण, बोलके.

"घाबरतोस काय? तुझा दोष नाही यात," ते बंडूला म्हणाले. "पोराला हे रंग न कळणं आईकडून येतं. तिला स्वतःला सगळं नीट दिसतं, पण पोराला देऊन बसते."

"आईला कळलं तर रडंल, साहेब."

"मग सांगू नकोस. मुलगी असतास तर मात्र सोडलं नसतं तुला. मुलीला दोन्हीकडून यावं लागतं. मुलगी अशी निघाली, म्हणजे बाप तसा असणारच. आधी बापाला बोलावलं असतं. तो इथेच कामाला असता आणि त्यातून विजेच्या कामावर, तर उद्यापासून घरी." ते हसले. "चला, पुढचं कोण? जयमाला पोपट हिवराळे."

बाहेर स्टूल करकरलं.

जयमाला खुर्चीत ताठ बसली. डॉक्टरांनी पुस्तक मधूनच उघडलं. पानभर ठिपके होते, नुसते ठिपके. तिने पुस्तक मिटलं आणि त्यांच्याकडे सरकवलं.

"मला ही नोकरी करायची नाही."

"का? दिसत नाही का?"

"दिसतंय सगळं. नोकरी नकोय. बाबांनी ओढून आणलंय मला."

"एक पान तरी वाच."

"नोकरीच नको, तर पान कशाला वाचू, साहेब?"

डॉक्टरांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. तिने नजर हलवली नाही. त्यांनी खांदे उडवले आणि कागदावर लिहिलं : उमेदवार नोकरीस तयार नाही. खाली सही ठोकली.

पोपट टेस्टर हातात घेऊन दारात उभा होता. "डोकं फिरलं का तुझं? किती जणांचे पाय धरलेत मी! साहेब, पोरगी लहान हाय, तुमी..."

"लिहून झालं, पोपटराव. ट्यूब तेवढी लावा."

तो पाय आपटत पुन्हा स्टुलावर चढला. जयमालाने स्टूल धरलं. रागातही त्याने प्रत्येक वायरला टेस्टर लावला. मग पुन्हा एकदा लावला.

"बघ बंडू," डॉक्टर आतून म्हणाले, "सावध माणूस याला म्हणतात."

"आमच्या घराण्यात असलं हट्टी कुणी निपजलं नाही," पोपट वरून गुरगुरला. "आईवर गेलीस तू. थेट आईवर."

"वायरकडं बघा, बाबा." जयमालाने स्टूल आणखी घट्ट धरलं.

संध्याकाळी वाशीला मिरच्या निवडत बसलेल्या गोजराला आपल्या माहेरचा उद्धार पुन्हा पहिल्यापासून ऐकावा लागला. पोपटची नोकरी शाबूत राहिली. किंमत जयमालाने भरली, आणि दोष चढला गोजराच्या नावावर.