तुटलेली दोरी

कवडूने उजवा हात मांडीवर पालथा ठेवला होता. "हलवू नका," युनियनचे वकील वामनराव यांनी बजावलं होतं, "साहेब बघत असतात."

एकाहत्तर साली मिलच्या मागाच्या पट्ट्यात तो हात सापडला. तीन बोटं आता वळत नव्हती. मिलचं म्हणणं, हात धड आहे, भरपाई कसली? आणि त्याच धड हाताच्या माणसाला मिलने कामावर मात्र परत घेतलं नव्हतं. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी हात कामातून गेल्याचं लिहून दिलं होतं. आज भरपाईचे कमिशनर साहेब निकाल देणार होते. मागच्या बाकावर कवडूची बायको यमुताई पदर मुठीत धरून बसली होती.

कारकून फाईल पुढे करायला गेला आणि गठ्ठ्याची सुती दोरी तुटली. कागद टेबलावर पसरले. त्याने ते गोळा केले, दोन टोकं जुळवून गाठ मारली. सुटली. पुन्हा मारली, पुन्हा सुटली. साहेब घड्याळाकडे बघू लागले.

कवडूला ते बघवेना. सारी उमर मागावर गेलेली. तुटका धागा दिसला की माग थांबवून आधी तो जोडायचा, एवढंच त्याला ठाऊक. तो उठला. टेबलापाशी जाऊन त्याने दोन्ही टोकं घेतली. उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट एकदाच फिरलं. त्याने गाठ ओढून पाहिली आणि कित्येक महिन्यांनी हसला.

यमुताईला आधी ते हसूच दिसलं. किती बरं वाटलं तिला! मग मिलचे वकील उभे राहिलेले दिसले.

"साहेब, याची नोंद व्हावी."

"एक गाठ म्हणजे माग चालवणं नव्हे, साहेब!" वामनराव जवळजवळ ओरडलेच.

साहेबांनी कवडूकडे पाहिलं. "दुखलं का हो?" त्यांनी हळूच विचारलं. तो हो म्हणाला असता, तरी निभावलं असतं.

"नाही जी साहेब. याच्यात काय दुखते?"

साहेबांनी मजकूर सांगितला. अर्जदाराचा हात कामाचा आहे, दावा नामंजूर. कारकुनाने मान खाली घालून लिहिलं आणि तो कागद त्याच दोरीत बांधला.

बाहेर निंबाखाली आल्यावर यमुताईने विचारलं.

"काहून जोडली जी तुमी? त्याची दोरी होती, त्यानं पाह्यलं असतं ना."

कवडू तिच्याकडे बघत राहिला. त्याला खरंच प्रश्न कळला नव्हता.

"तुटली होती ना वं."