आधी माणसं, मग गट

ऋतिकाने नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षाच्या काचेच्या दारावर पुन्हा कार्ड टेकवलं. पुन्हा लाल दिवा.

"सिस्टर, घ्या ना आत! माझंच बाळ आहे ते."

आतून वनमाला सिस्टरनी नुसती नकारार्थी मान हलवली. लाल दिव्यावर कुणालाही आत घ्यायचं नाही, मग ती सख्खी आई का असेना. बाळांच्या सुरक्षेसाठी मुलुंडच्या त्या रुग्णालयाने केलेला हा नियम, आणि सिस्टर नियमाच्या पक्क्या. शिवाय त्यांचा हात अडकला होता. सातव्या महिन्यात जन्मलेलं ऋतिकाचं बाळ आईच्या उघड्या छातीवर असलं की छान श्वास घ्यायचं, पेटीत ठेवलं की मध्येच विसरायचं. सिस्टर त्याच्या तळपायाला बोटाने चोळून त्याला आठवण करून देत होत्या.

दाराबाहेरच्या बाकावर लॅपटॉप मांडीवर घेऊन रुग्णालयाच्या संगणक विभागातला सिद्धेश बसला होता. एसीतही त्याची पाठ भिजली होती. उद्योग त्याचाच. कुठलं कार्ड कुठलं दार उघडेल, हे रुग्णालयाच्या मुख्य संगणकातले गट ठरवत. सकाळी मोठ्या हौसेने त्याने सफाई काढली, तेव्हा एक गट असा सापडला की त्यात एकही कर्मचारी नाही. कचरा, असं म्हणून त्याने त्यातली कार्डं आणि तो गट, दोन्ही उडवून टाकले. तो गट आत पेटीत असलेल्या बाळांच्या आयांचा होता.

आता त्या सगळ्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. कुणी त्याला शिव्या देत नव्हतं, त्याचाच त्याला जास्त त्रास होत होता. नवी कार्डं करायची तर एकेकीची ओळख पटवण्यापासून सुरुवात, त्यात दुपार गेली असती.

आता सगळी भिस्त होती ती त्याच्या वरिष्ठ गंधाली मॅडमच्या सवयीवर. मॅडम रोज चहाच्या आधी सगळ्या गटांची आणि कार्डांची प्रत काढून लोणच्यासारखी जपून ठेवत. "काय मॅडम, बरणी भरली का?" असं त्यांना चिडवण्यात सिद्धेशच पुढे असायचा. त्याच प्रतीतून त्याने आधी गट परत आणला, मग कार्डं आणली, आणि गट उघडून पाहिला. आत कुणीच नव्हतं.

"मॅडम, वाट लागली," तो फोनवर एवढंच म्हणाला.

मॅडम जिने चढून आल्या त्या धापा टाकतच.

"आधी काय आणलंस?"

"गट."

"आणि कार्डं?"

"नंतर."

"अरे, जी माणसं अजून आलीच नाहीत, त्यांना गट आत घेणार कसा? आधी माणसं, मग गट. कार्डं आली आहेत ना? मग आता गट पुन्हा आण."

सिद्धेशने बटण दाबलं. रिकाम्या चौकटीत एक नाव उमटलं, मग दुसरं, मग भराभर. बाळांची बारशी व्हायची होती, त्यामुळे सगळी नावं आयांचीच. त्याने असे गट शेकड्याने हाताळले होते, पण नावं परत येताना त्याच्या अंगावर काटा आला तो आजच.

ऋतिकाने कार्ड टेकवलं. हिरवा दिवा लागला.

मागोमाग एकेक कार्ड टेकवत सगळ्या आत गेल्या. सिद्धेश काचेला नाक लावून पाहत राहिला. आत सगळ्या पेट्या सारख्या, टोप्या सारख्या, आणि नळ्यांखाली मुठीएवढाले चेहरेही सारखेच. त्याला एकही वेगळं ओळखता येईना. पेट्यांवर चिठ्ठ्या होत्या, पण एकीनेही चिठ्ठी वाचली नाही. जी ती सरळ आपल्या पेटीशी जाऊन उभी राहिली.

"मॅडम, यांना कळतं कसं हो?"

मॅडमही काचेतूनच बघत होत्या.

आत ऋतिकाने गाऊनचे बंद सोडले. सिस्टरनी नळ्या सांभाळत बाळ तिच्या छातीवर ठेवलं, पण तळपायावरचं बोट तसंच राहू दिलं. थोडा वेळ गेला. बाळाची इवलीशी पाठ वर झाली, खाली गेली, पुन्हा वर झाली.

सिस्टरनी हळूच बोट काढून घेतलं.