आतली कडी

आई ताईकडे परदेशात चालली होती, म्हणून मी रोज संध्याकाळी माहेरी जाऊन तिची इंग्रजीची शिकवणी घ्यायचे.

"जी सवय होती आणि आता सुटली, तिथे 'यूज्ड टू'. जे कधीचं सुरू आहे आणि अजून थांबलेलं नाही, तिथे 'हॅज बीन'. कर बघू एक वाक्य."

आईने वाक्यासाठी बाबांची जुनी खोड निवडली. आम्ही बाहेर गेलोय हे विसरून बाबा आतून कडी लावून बसायचे आणि आम्ही पिशव्या सांभाळत दारात ताटकळायचो.

"माय हजबंड हॅज बीन लॉकिंग द डोअर," ती म्हणाली.

"आई, 'यूज्ड टू' म्हण ना. बाबांना जाऊन वर्ष झालं."

"बरं बाई, तू म्हणशील तसं." पण वाक्य काही तिने बदललं नाही.

मी वही मिटली. तिला घेऊन भाजी आणायला निघाले. घरात दुसरं कुणीच नव्हतं. बाहेरचं कुलूप मीच लावलं, ओढून पाहिलं.

परत आलो. कुलूप निघालं, पण दार उघडेना. मी खांदा लावून ढकललं. आत, वरच्या बाजूला, कडी खळखळली.

आईने मला बाजूला सारलं आणि नेहमीच्याच वैतागाने दारावर थाप मारली.


"अहो, उघडा. आम्हीच आहोत."